११:४१ वर परत: पोस्टग्रेसक्यूएलचा बॅकअप आणि रिकव्हरी हाताने शिकण्यासाठी

एका पतसंस्थेचा डेटाबेस डोळ्यांसमोर आणा. सकाळी ११:४२ ला कोणीतरी चाचणीचा सर्व्हर समजून खऱ्या सर्व्हरवर 'ड्रॉप टेबल हप्ते' ही टेबल उडवणारी आज्ञा चालवली. रात्री दोनचा डंप, म्हणजे डेटाबेसची काढून ठेवलेली प्रत, शाबूत आहे. तो रिस्टोअर केला तर टेबल परत येईल, पण सकाळपासून काउंटरवर भरलेले हप्ते जातील. पावत्या सभासदांच्या खिशात आणि नोंद कुठेच नाही. इथे हवं आहे ते ११:४१ वर परत जाणं, आणि रोजच्या डंपने ते होत नाही.

ते कशाने होतं आणि कसं करायचं, ते इथे पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरवर दाखवलं आहे. आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं. 'अंडरस्कोर' जिथे आहे तिथे तोच.

डंप आणि बेस बॅकअप

'पीजी_डंप' डेटाबेसमधला मजकूर वाचून तो परत उभा करण्याच्या आज्ञा लिहून देतं. सुरू झालं त्या क्षणाचं एकसंध चित्र त्यात येतं. डंप तीन तास चालला तरी तीन तासांपूर्वीचंच. एखादं टेबल वेगळं काढायला, जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जायला ते उत्तम. पण ते एका वेळी एकच डेटाबेस घेतं, आणि रोल (डेटाबेसचे वापरकर्ते) व पासवर्ड त्यात नसतात. त्यासाठी 'पीजी_डंपऑल' ला 'ग्लोबल्स-ओन्ली' हा पर्याय देऊन वेगळी फाइल काढावी लागते. हे विसरलं की नव्या सर्व्हरवर रिस्टोअर करताना 'रोल अस्तित्वात नाही' अशा त्रुटींची रांग लागते.

बेस बॅकअप म्हणजे डेटा डिरेक्टरीच्या फाइलींची जशीच्या तशी प्रत. सर्व्हर चालू असतानाच ती घेतली जाते, त्यामुळे प्रत एका क्षणाची नसते. सुरुवातीच्या फाइली आधीच्या, शेवटच्या नंतरच्या. हा विस्कळीतपणा दुरुस्त करतो तो वॉल (राइट-अहेड लॉग), म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो ती वही. वॉलच्या फाइली मूळ मांडणीत १६ एमबीच्या असतात आणि नाव २४ अक्षरी असतं. बेस बॅकअप आणि त्यानंतरच्या वॉल फाइली एकही न तुटता हाताशी असतील, तर मधल्या कुठल्याही क्षणावर थांबता येतं. पतसंस्थेला हवं ते हेच.

या फाइली ठेवायची डिरेक्टरी आवृत्ती ९.६ पर्यंत 'पीजी_एक्सलॉग' होती. नावात 'लॉग' पाहून डिस्क भरल्यावर लोक ती साफ करायचे आणि डेटाबेस घालवून बसायचे. २०१७ च्या आवृत्ती १० पासून ती 'पीजी_वॉल' झाली. नाव बदललं तरी नियम तोच: तिच्यातलं हाताने काही पुसायचं नाही.

सरावाची जागा

२ जीबी मेमरी आणि २० जीबी डिस्कचं व्हर्च्युअल मशीन पुरे. त्यावर डेबियन किंवा उबुंटू आणि पोस्टग्रेसक्यूएल १७. सरावाचा डेटा 'पीजीबेंच' बनवून देतं: इनिशियलाइज करताना स्केल ५० दिला की मुख्य टेबलात ५० लाख ओळी येतात आणि डेटाबेस साधारण ७५० एमबीचा होतो. दहा ओळींच्या टेबलावर सराव केला तर सगळं चुटकीसरशी होतं आणि खरा त्रास कुठे आहे ते दिसतच नाही.

आर्काइव्हसाठी, म्हणजे भरलेल्या वॉल फाइलींच्या प्रती साठवण्यासाठी, 'एसआरव्ही' खाली 'आर्क' नावाची डिरेक्टरी करा, मालक 'पोस्टग्रेस', परवानगी ७०० (फक्त मालकाला). सरावापुरती ती त्याच मशीनवर चालेल. खऱ्या कामात ती त्याच डिस्कवर असणं म्हणजे आर्काइव्ह नसण्यासारखंच. मग कॉन्फिगरेशनमध्ये:

आर्काइव्ह_मोड = ऑन
आर्काइव्ह_कमांड = 'टेस्ट ! -एफ /एसआरव्ही/आर्क/%एफ && सीपी %पी /एसआरव्ही/आर्क/%एफ'
आर्काइव्ह_टाइमआउट = ३००

'%पी' च्या जागी फाइलचा मार्ग येतो आणि '%एफ' च्या जागी नुसतं नाव. आधीची 'टेस्ट' मुद्दाम आहे: त्या नावाची फाइल आर्काइव्हमध्ये असेल तर तिच्यावर दुसरी चढवायची नाही. दोन सर्व्हर चुकून एकाच आर्काइव्हला जोडले गेले तर ही एक ओळ वाचवते. आर्काइव्ह मोड बदलला की सर्व्हर रीस्टार्ट करावाच लागतो. कमांड बदलली तर नुसतं रीलोड पुरतं.

टाइमआउटचा हिशेब आधी करा. ३०० सेकंद म्हणजे थोडीफार हालचाल असलेल्या सर्व्हरवर दर पाच मिनिटांनी एक फाइल बंद होणार, दिवसाला २८८. अर्धवट भरलेली फाइलही पूर्ण १६ एमबीच धरते, म्हणजे दिवसाला साडेचार जीबी. कॉम्प्रेस केल्यावर यातलं बरंच आटतं. टाइमआउट ६० वर आणला तर आकडा पाचपट. पाच मिनिटांचा डेटा गेला तर चालेल का, हा प्रश्न डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) एकट्याने सोडवायचा नाही. तो कामकाज पाहणाऱ्यांना विचारायचा आणि उत्तर लेखी घ्यायचं.

आता 'सिलेक्ट पीजी_स्विच_वॉल()' चालवा आणि आर्काइव्ह डिरेक्टरीत फाइल आली का बघा. नसेल आली तर 'पीजी_स्टॅट_आर्काइव्हर' या व्ह्यूमध्ये 'फेल्ड_काउंट' वाढत असेल. बहुतेक वेळा दोष परवानगीचा असतो. आर्काइव्ह कमांड अपयशी ठरत राहिली तर पोस्टग्रेस ती फाइल टाकून देत नाही, 'पीजी_वॉल' मध्ये साठवत जातं. डिस्क पूर्ण भरली की सर्व्हर पॅनिक देऊन बंद पडतो. म्हणून त्या व्ह्यूमधली 'लास्ट_आर्काइव्ह्ड_टाइम' ही वेळ देखरेखीवर असली पाहिजे. कमांडने काम झाल्याशिवाय शून्य (यशाची खूण) परत करता कामा नये, हेही तितकंच महत्त्वाचं. काही जण त्रुटी गप्प करायला शेवटी 'ट्रू' जोडतात. मग फाइल कुठेच पोचत नाही आणि पोस्टग्रेस मात्र ती निर्धास्तपणे पुसून टाकतं.

बेस बॅकअप घेणं

'पोस्टग्रेस' युजर होऊन 'पीजी_बेसबॅकअप' चालवा. 'पीजीडेटा' मध्ये रिकाम्या डिरेक्टरीचा मार्ग, 'चेकपॉइंट=फास्ट', आणि 'प्रोग्रेस'. चेकपॉइंट म्हणजे मेमरीतले बदल डेटा फाइलींत उतरवणं. त्याचा पर्याय दिला नाही तर कार्यक्रम सुरुवातीला चार-साडेचार मिनिटं गप्प बसलेला दिसू शकतो. अडकलेला नसतो, सर्व्हरवर ताण पडू नये म्हणून चेकपॉइंट सावकाश चाललेला असतो. कामाच्या वेळेत खऱ्या सर्व्हरवर सावकाशच बरा.

संपल्यावर 'पीजी_व्हेरिफायबॅकअप' त्या डिरेक्टरीवर चालवा. आवृत्ती १३ पासून प्रत्येक बेस बॅकअपसोबत मॅनिफेस्ट (फाइलींची यादी) येतो आणि हे साधन प्रत्येक फाइलचा आकार व चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) त्याच्याशी ताडून बघतं. एखादी फाइल मुद्दाम बदला आणि परत चालवून बघा, म्हणजे त्रुटी कशी दिसते ते कळेल. मात्र हे साधन बॅकअप नंतर बिघडला का एवढंच सांगतं. मूळ डेटाच आधीपासून सडका असेल तर त्याला कळत नाही. त्यासाठी क्लस्टरवर (सर्व्हरच्या सगळ्या डेटाबेसच्या संचावर) डेटा चेकसम सुरू हवेत. आवृत्ती १८ पासून ते नव्या क्लस्टरवर आपोआप सुरू असतात. त्याआधी 'इनिटडीबी' (नवा क्लस्टर बनवण्याची आज्ञा) करतानाच मागावे लागतात, किंवा सर्व्हर बंद करून 'पीजी_चेकसम्स' ने चालू करावे लागतात.

डेबियन-उबुंटूवर एक फसवणूक आहे. तिथे कॉन्फिगरेशनच्या फाइली डेटा डिरेक्टरीत नसतात, 'ईटीसी' खाली असतात. त्यामुळे बेस बॅकअपमध्ये त्या येतच नाहीत. त्यांची प्रत वेगळी ठेवा, नाहीतर भर संकटात कोणाला कुठून प्रवेश द्यायचा ते आठवत बसावं लागेल.

मुद्दाम अपघात

पीजीबेंच दोन-तीन मिनिटं चालू द्या. मग 'सिलेक्ट नाऊ()' करून वेळ कागदावर लिहा. मिनिटभर थांबा आणि 'पीजीबेंच_टेलर्स' टेबल ड्रॉप करा. शेवटी पुन्हा 'पीजी_स्विच_वॉल()'.

आता सर्व्हर थांबवा. जुनी डेटा डिरेक्टरी पुसू नका. नाव बदलून 'मेन.जुनी' करा. दुप्पट जागा लागते म्हणून लोक इथे घाई करतात, आणि आर्काइव्हमध्ये न गेलेल्या शेवटच्या वॉल फाइली नेमक्या त्या जुन्या डिरेक्टरीतच असतात. बेस बॅकअपची प्रत 'मेन' नावाने ठेवा (प्रतच, मूळ बॅकअप परत लागणार आहे), मालक 'पोस्टग्रेस', परवानगी ७००. परवानगी सैल असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही. मग जुन्या 'पीजी_वॉल' मधल्या आर्काइव्ह न झालेल्या फाइली नव्या 'पीजी_वॉल' मध्ये टाका.

कॉन्फिगरेशनमध्ये या ओळी:

रिस्टोअर_कमांड = 'सीपी /एसआरव्ही/आर्क/%एफ %पी'
रिकव्हरी_टार्गेट_टाइम = कागदावरची वेळ, शेवटी +०५:३० लावून
रिकव्हरी_टार्गेट_अ‍ॅक्शन = 'पॉज'

वेळेच्या शेवटी +०५:३० लिहायला विसरू नका. सर्व्हरचा टाइमझोन यूटीसी असेल तर साडेपाच तासांची चूक होते. 'आयएसटी' लिहून भागवू म्हणाल तर पोस्टग्रेसच्या मूळ यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ!

डेटा डिरेक्टरीत 'रिकव्हरी.सिग्नल' नावाची रिकामी फाइल करा आणि सर्व्हर सुरू करा. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत 'रिकव्हरी.कॉन्फ' सापडेल. २०१९ च्या आवृत्ती १२ पासून ती फाइल रद्द झाली. आढळली तर सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो. सिग्नल फाइल विसरलात तर उलटं होतं. सर्व्हर मुकाट सुरू होतो, फक्त बॅकअपच्या शेवटापर्यंत जातो आणि पुढची आर्काइव्ह बघतही नाही.

लॉग उघडा ठेवा. एकेक वॉल फाइल आर्काइव्हमधून आल्याच्या ओळी दिसतील, मग सुसंगत स्थिती गाठल्याची, मग अमुक ट्रान्झॅक्शनच्या कमिटआधी (व्यवहार पक्का होण्याआधी) थांबल्याची. मध्येच 'सीपी' ची 'फाइल सापडली नाही' अशी तक्रार येईल, विशेषतः '.हिस्टरी' ने संपणाऱ्या नावासाठी. ती नेहमीची आहे. पोस्टग्रेस पुढची टाइमलाइन (रिकव्हरीनंतर सुरू होणारी वॉलची नवी शाखा) आहे का ते चाचपत असतं.

सर्व्हर आता फक्त वाचता येईल अशा स्थितीत थांबलेला आहे. टेलर्स टेबल आहे का बघा, ओळी मोजा. थोडं अलीकडे थांबलात असं वाटलं तर सर्व्हर बंद करून वेळ पुढची द्या आणि परत सुरू करा. पलीकडे गेलात, म्हणजे टेबल नाहीच, तर मागे येता येत नाही. बेस बॅकअपची नवी प्रत काढून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून पहिला अंदाज आधीच्या वेळेचा ठेवावा. 'पॉज' ऐवजी 'प्रमोट' (थांबताच लिहिण्यासाठी खुला) दिलं असतं तर ही तपासणी करायची संधीच मिळाली नसती.

समाधान झालं की 'सिलेक्ट पीजी_वॉल_रिप्ले_रिझ्यूम()'. सर्व्हर लिहिण्यासाठी खुला होतो आणि टाइमलाइन १ ची २ होते. वॉल फाइलच्या नावातली पहिली आठ अक्षरं बदललेली दिसतील. टार्गेटची ओळ काढून टाका आणि लगेच नवा बेस बॅकअप घ्या.

इथे हमखास येणाऱ्या दोन त्रुटी. 'थांबण्याची जागा सुसंगत स्थितीच्या आधीची आहे' अशा अर्थाची आली तर मागितलेली वेळ बेस बॅकअप संपण्याच्या आधीची आहे. त्याहून जुना बॅकअप घ्या. 'टार्गेट गाठण्याआधीच रिकव्हरी संपली' असं आलं तर त्या वेळेपर्यंतचं वॉल मिळालेलं नाही. आर्काइव्हमध्ये भोक आहे किंवा शेवटच्या फाइली जुन्या 'पीजी_वॉल' मधून आणायच्या राहिल्या आहेत.

बॅकअपमधल्या 'बॅकअप_लेबल' या फाइलला तर हात लावूच नका. सर्व्हर सुरू होईना म्हणून ती पुसली की सर्व्हर सुरू होतो, सगळं ठीक दिसतं आणि आतला डेटा बिघडलेला असतो. बिघाड आठवड्यांनी वर येतो, तोवर चांगले बॅकअपही फिरून गेलेले असतात. वॉल जबरदस्तीने नव्याने सुरू करणाऱ्या 'पीजी_रीसेटवॉल' चंही तेच.

खरा प्रसंग आल्यावर

पतसंस्थेत वर केलं तसं सगळं करायचं नाही. एका टेबलासाठी चालू सर्व्हर मागे नेला तर ११:४२ नंतरचे इतर सगळे व्यवहार जातील. रिकव्हरी दुसऱ्या मशीनवर करा, तिथून फक्त 'हप्ते' टेबल पीजी_डंपने काढा आणि खऱ्या सर्व्हरवर घाला. त्या दुसऱ्या मशीनवर आर्काइव्ह मोड बंद ठेवा, नाहीतर तेही त्याच आर्काइव्हमध्ये लिहायला लागेल. डेटाबेसच्या आत वेळापत्रकाने चालणारी कामं असतील तर तीही बंद, नाहीतर हप्ता थकल्याचे एसएमएस सभासदांना दुसऱ्यांदा जातील.

नेमकी वेळ कोणालाच माहीत नसते. 'साडेअकराच्या सुमारास' एवढंच उत्तर मिळतं. अशा वेळी 'पीजी_वॉलडंप' ला 'आरएमजीआर=ट्रान्झॅक्शन' देऊन त्या काळातल्या वॉल फाइली वाचा. प्रत्येक कमिटची वेळ आणि ट्रान्झॅक्शन क्रमांक दिसतो, आणि ज्या कमिटने टेबल उडवलं त्याच्या ओळीत 'रेल्स' म्हणून काढलेल्या फाइलींची यादी असते. तो क्रमांक 'रिकव्हरी_टार्गेट_एक्सआयडी' मध्ये द्या आणि 'रिकव्हरी_टार्गेट_इनक्लुझिव्ह' ऑफ करा. रिकव्हरी त्या कमिटच्या नेमकी अलीकडे थांबते. 'लॉग_स्टेटमेंट' ला 'डीडीएल' (टेबल बनवण्या-उडवण्यासारख्या आज्ञा) आधीच दिलेलं असेल तर हा शोध पाच मिनिटांत संपतो.

रेप्लिका (मुख्य सर्व्हरचे बदल सतत घेणारा दुसरा सर्व्हर) आहे म्हणून निश्चिंत असाल तर ड्रॉप टेबल तिच्यावर सेकंदाच्या आतच पोचलेलं असतं. 'रिकव्हरी_मिन_अप्लाय_डिले' ने एक रेप्लिका मुद्दाम काही तास मागे ठेवता येते. मोठ्या डेटाबेसला तो चांगला आधार आहे, पण आर्काइव्हचा पर्याय नव्हे.

किती वेळ लागेल

साहेब पहिला प्रश्न हाच विचारतात. ५०० जीबी डेटा एक गिगाबिट नेटवर्कवरून आणायचा तर सेकंदाला ११० एमबी धरूनही सव्वा तासाच्या वर जातो. त्यानंतर वॉल. बेस बॅकअप रविवारी घेतला आणि अपघात शनिवारी झाला, दिवसाला २० जीबी वॉल तयार होतं, तर १२० जीबी म्हणजे ७,६८० फाइली एकामागून एक लावायच्या. हे काम एकच प्रोसेस करते. प्रोसेसरचे गाभे कितीही असले तरी फरक पडत नाही. तुमच्या मशीनवर मिनिटाला किती फाइली लागतात ते सरावात मोजून ठेवा आणि बेस बॅकअप किती दिवसांनी घ्यायचा ते त्यावरून ठरवा. आवृत्ती १७ पासून 'समराइझ_वॉल' चालू करून वाढीव बॅकअप घेता येतात आणि 'पीजी_कम्बाइनबॅकअप' ते पूर्ण बॅकअपशी जोडून देतं, त्यामुळे रोज बॅकअप घेणं परवडतं.

सर्व्हर चार-पाच झाले की हे सगळं स्क्रिप्टने सांभाळण्यापेक्षा बारमन किंवा पीजीबॅकरेस्ट यांसारखं बॅकअपचं तयार साधन वापरावं. साधं 'सीपी' डिस्कवर पक्कं लिहिल्याची खात्रीही करत नाही. पण आत काय चालतं ते हाताने करून कळल्यावरच.

डंप गुपचूप मरतो तेव्हा

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. त्यांनी कारणं जाहीर मांडली, म्हणून सगळ्यांना माहीत आहे: सर्व्हर ९.६ चा, पण बॅकअप घेणारं पीजी_डंप ९.२ चं. जुनं पीजी_डंप नव्या सर्व्हरला हात लावत नाही, त्रुटी देऊन थांबतं. त्या त्रुटीचे ईमेल मेलसर्व्हरने डीमार्कच्या (पाठवणारा खरा आहे का याच्या) तपासणीत नाकारले, त्यामुळे कोणाला कळलंच नाही. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेला डिस्क स्नॅपशॉट होता, म्हणून निभावलं.

तशाच आणखी काही जागा. 'पीजी_डंप' चा निकाल पाइपने 'जीझिप' (फाइल कॉम्प्रेस करणारं साधन) ला दिला की शेलला जीझिपचा निकाल दिसतो. डंप मेला तरी काम यशस्वी. स्क्रिप्टच्या वर 'सेट -ओ पाइपफेल' लिहा. बॅकअपच्या यादीत २० बाइटची फाइल दिसली तर ती जीझिप केलेलं रिकामं पान आहे. क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी चालवायच्या कामांच्या यादीत) टक्क्याचं चिन्ह नव्या ओळीसारखं वाचलं जातं, म्हणून तारखेच्या नावात त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ हवी. पासवर्डच्या '.पीजीपास' फाइलची परवानगी ६०० नसेल तर ती सरळ दुर्लक्षिली जाते.

आणि बेस बॅकअप दुसऱ्या मशीनवर उभा करताना ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बघा. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या आवृत्ती २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. त्याआधीच्या लिनक्सवरचा बॅकअप नंतरच्यावर सुरू होतो, पण मजकुराच्या रकान्यांवरचे इंडेक्स (शोधाच्या सूची) जुन्या क्रमाने लावलेले राहतात. मग नाव टेबलात असूनही शोधात सापडत नाही, युनिक रकान्यात एकच नाव दोनदा शिरतं. मशीन बदललं की सभासदांच्या नावांसारख्या रकान्यांवर आधी 'रीइंडेक्स' चालवा, मगच काउंटर उघडा.